पाच किलोची बिर्याणी

त्या शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या दारावर थाप पडली. दार उघडलं तर शाळेतली आठवीची एक मुलगी उभी. डोक्यावर ओढणी, हातात स्टीलचा मोठा डबा, मागे धाकटा भाऊ. "मॅडम, अम्मी ने भेजी," एवढंच म्हणून तिने डबा पुढे केला. झाकण उघडलं, तर वाफाळलेली चिकन बिर्याणी. तळलेल्या कांद्याचा आणि पुदिन्याचा वास घरभर पसरला.

"घर में दावत है क्या?" आम्ही विचारलं. मुलगी खाली बघत राहिली. उत्तर भावाने दिलं, "नहीं मॅडम, बच गई. बहोत बच गई. पूरे मोहल्ले में बाँट रहे." बहिणीने त्याच्या दंडाला धरून त्याला ओढत नेलं. सलाम करायलाही ती विसरली. ही मुलगी सलाम विसरणारी नव्हे, म्हणून आम्हाला ते खटकलं.

बिर्याणी उत्तम होती. घरातल्या सगळ्यांनी पोटभर खाल्ली. तिची किंमत कोणी आणि का भरली, हे आम्हाला रविवारी कळलं.

त्या मुलीची आई घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. रोजच्या ज्वारीच्या भाकऱ्या, ईदला शीरखुर्म्याची शेवई, अधूनमधून बिर्याणीची देग. वडील गॅरेजमध्ये कामाला आहेत. आई चौथी शिकलेली, त्यामुळे मोबाईलवर आलेले निरोप मुलगीच वाचून दाखवते. घरातली इंग्रजी जाणणारी तीच. त्या आठवड्यात गावात नव्याने राहायला आलेल्या एका कुटुंबाचा निरोप आला. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून निरोप इंग्रजीत होता : 'वुई नीड फाइव्ह किलोज ऑफ चिकन बिर्याणी फॉर फ्रायडे डिनर.' मुलीने आईला अर्थ सांगितला, "शुक्रवारी रात्री पाच किलोची चिकन बिर्याणी हवी."

आता आपल्या घरांत 'पाच किलोची बिर्याणी' म्हणजे काय, हे वाचक भगिनींना सांगायला नको. पाच किलो तांदूळ, किलोला किलो गोश्त, वर दही, कांदा, तेल-तूप. एका किलोत आठ-दहा माणसं आरामात जेवतात. म्हणजे ही चाळीस-पन्नास माणसांची देग झाली. आईने त्याच हिशेबाने तांदूळ भिजवला, कोंबडी आणली. कोंबडीवाल्याकडे निम्मी उधारी ठेवली. संध्याकाळी रिक्षात देग घालून मायलेकी त्या घरी पोहोचल्या, तर दार उघडणारी बाई देगेकडे बघतच राहिली. तिच्याकडे पाहुणे होते पंधरा. तिला हवी होती शिजलेली, तयार पाच किलो बिर्याणी. देगेत होती पंधरा किलोच्या वर.

भांडण झालं नाही. ती बाई भली होती. तिने आपली पातेली भरून पाच किलोच्या अंदाजाने बिर्याणी काढून घेतली, हॉटेलात किलोला जो भाव असतो त्या भावाने पैसे दिले, रिक्षाचे भाडेही वेगळे दिले. तिचा काही दोष नव्हता. तिने लिहिलं ते बरोबरच होतं. पण त्या पैशात मालाची किंमतसुद्धा निघाली नाही. उरलेली देग परत आली आणि रातोरात मोहल्ल्यात वाटली गेली. त्यातला एक डबा आमच्याकडे आला.

सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही मुलीला स्टाफरूमबाहेर बोलावलं. समजावण्याच्या सुरात म्हटलं, "बेटा, निरोप कळला नव्हता तर विचारायचं होतंस." ती बराच वेळ गप्प राहिली. मग एकदम म्हणाली, "मॅडम, तुमीच तो सिखाये थे ना. ऑफ यानी का, की, के."

खरं होतं. पाचवीपासून आम्हीच फळ्यावर तक्ता लिहितो. इन म्हणजे मध्ये, ऑन म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत, ऑफ म्हणजे चा-ची-चे. उर्दू माध्यमाच्या वर्गात का-की-के. आम्हालाही आमच्या बाईंनी असंच शिकवलं होतं. तक्ता पाठ झाला की पास होता येतं. आम्ही पास झालो, बी.एड. केलं, नोकरीला लागलो, आणि तोच तक्ता पुढे चालवला.

"पण शंका आली होती का तुला?" आम्ही विचारलं.

"आई थी," ती म्हणाली. "पाँच किलो लिखे पर आदमी कितने, नहीं लिखे. पूछनेवाली थी मैं. पर..."

"पर क्या?"

"सब हँसते."

तेव्हा आम्हाला जूनमधला एक तास आठवला. शाळा सुरू होऊन आठवडाच झाला होता. 'काल रात्री तुम्ही काय जेवलात' हे इंग्रजीत सांगायचं होतं. ही मुलगी उत्साहाने उभी राहिली आणि म्हणाली, 'आय एट टू ब्रेड्स अँड वन चिकन बाय हँड.' मागच्या बाकावरून कोणी तरी ओरडलं, "पूरी मुर्गी?" वर्ग हसला. आणि खरं सांगायचं तर आम्हीही हसलो. मोठ्याने नाही, पण मुलांना दिसेल इतपत. त्यानंतर तिने इंग्रजीच्या तासाला हात वर केल्याचं आम्हाला आठवत नाही. तेव्हा लक्षात आलं नाही. वर्गात छप्पन्न मुलं आहेत, असं कारण स्वतःला देता येतं. ते पुरेसं नाही, हेही कळतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. मनात होतं की नुकसानीचा निम्मा वाटा तरी आपण उचलावा. पाकीट पुढे केलं, तर आपांनी ते हातानेच मागे सारलं. "नको मॅडम. गलती का पैसा नहीं लेती मैं. देना हैच तो ये देओ, मेरेकू सिखाओ. अगली बार कोई लिखा तो मैं भी समझूँ." मग पदराला हात पुसून त्या आम्हाला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. मुलगी दाराशी उभी राहिली. आमचा खरा इंग्रजीचा तास तिथे, चुलीपुढे, पाटावर बसून सुरू झाला.

पहिला प्रश्न 'ऑफ'चाच होता. आम्ही वहीत दोन ओळी लिहिल्या. 'अ कप ऑफ टी' आणि 'अ टी कप'. मुलीला अर्थ विचारला. दोन्हीला ती म्हणाली, "चहाचा कप." आणि तिथेच गाठ होती. 'अ टी कप' म्हणजे चहाचा कप. तो रिकामा असेल, फळीवर उपडा ठेवलेला असेल. 'अ कप ऑफ टी' म्हणजे कपभर चहा, जो प्यायचा आहे. आपण ते मराठीत कसं म्हणतो? 'एक कप चहा.' उर्दूत? 'एक प्याली चाय.' दोन्हीकडे चा-ची-चे नाही, का-की-के नाही. म्हणजे माप सांगताना इंग्रजीला जिथे 'ऑफ' लागतो, तिथे आपल्याला काहीच लागत नाही. दोन किलो साखर, एक ग्लास पाणी, अर्धा लिटर दूध. आमच्या तक्त्यात ही गोष्ट नव्हती.

मग बिर्याणीकडे आलो. 'पाच किलोची बिर्याणी' म्हणताना आपण 'ची' किलोला जोडतो. पाच किलो ज्यात घातले आहेत ती बिर्याणी, असा त्याचा अर्थ. इंग्रजीतला 'ऑफ' मात्र पुढच्या शब्दाला, बिर्याणीला जोडलेला असतो. त्या बाईने मोजली होती बिर्याणी. आपांनी मोजला होता तांदूळ. आपा लगेच म्हणाल्या, "तो हम तांदूळ कैसे लिखना?" आम्ही लिहून दिलं : 'बिर्याणी मेड विथ फाइव्ह किलोज ऑफ राइस.' पाच किलो तांदूळ घालून केलेली बिर्याणी. एक 'मेड विथ' राहिला होता, आणि देग तिपटीहून मोठी झाली होती.

मग आम्ही जूनमधल्या त्या वाक्याकडे वळलो. मुलीला बाजूला बसवलं आणि सांगितलं की त्या दिवशी आम्ही हसायला नको होतं, आणि आज ते वाक्य नीट करू. तिने मान वर केली नाही, पण ऐकत होती.

'टू ब्रेड्स' का चुकतं? इंग्रजीला ब्रेड हा जिन्नस वाटतो, नग वाटत नाही. जसं आपल्याला पीठ, दूध, भात वाटतो. आपण 'दोन भात खाल्ले' म्हणत नाही. भाताचा घास असतो, मूद असते, आणि एकच दाणा असेल तर शीत असतं. म्हणून तर शितावरून भाताची परीक्षा. तसाच ब्रेडचा अख्खा नग म्हणजे 'लोफ', कापलेला काप म्हणजे 'स्लाइस'. 'अ लोफ ऑफ ब्रेड, टू स्लाइसेस ऑफ ब्रेड.' पण मुलीने खाल्ला होता का ब्रेड? तिने खाल्ल्या होत्या दोन भाकऱ्या. भाकरी गोल, सुटी, मोजता येणारी वस्तू. 'टू भाकरीज' किंवा 'टू रोटीज' म्हटलं असतं तर काहीच चूक नव्हती. भाकरीला ब्रेड म्हणायला तिला कोणी शिकवलं? पुस्तकातल्या चित्रात ब्रेड होता आणि खाली 'रोटी' असा अर्थ होता. तो अर्थ आम्हीच लिहून दिला होता.

'वन चिकन' म्हणजे मात्र खरोखर अख्खी कोंबडी. खाण्याचं मांस असेल तर नुसतं 'चिकन' म्हणावं, तुकडा असेल तर 'अ पीस ऑफ चिकन'. मटण असेल तर 'मटन'. 'वन मटन' कधीच नाही. आपा हसल्या, "हमारे में भी वैसाच है मॅडम. एक मुर्गी बोले तो पूरी, मुर्गी की बोटी बोले तो टुकड़ा." बरोबर. बोटी हाही मोजण्याचाच शब्द. त्यांना नियम माहीत होता, फक्त त्याचं इंग्रजी माहीत नव्हतं.

मग आपांनी एकेक डबा उघडला आणि आम्ही लिहीत गेलो. हे काम इतकं रंगलं की मगरीबची अजान झाली तरी वही भरत होती. लसणाचा गड्डा म्हणजे 'अ हेड ऑफ गार्लिक', आणि त्याची पाकळी, ज्याला त्या 'लसन का जवा' म्हणतात, ती 'अ क्लोव्ह ऑफ गार्लिक'. इथे एक खड्डा आहे. लवंगेलाही इंग्रजीत 'क्लोव्ह'च म्हणतात. आमच्या एका शिक्षिका मैत्रिणीने मोबाईलवर पाककृती वाचून सालनात लसूण तर घातलाच, वर तीन लवंगाही घातल्या. 'ऑफ गार्लिक' पुढे असेल तर पाकळी, नुसतं 'क्लोव्ह्ज' असेल तर लवंग, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

चिमूटभर मीठ म्हणजे 'अ पिंच ऑफ सॉल्ट', मूठभर डाळ म्हणजे 'अ हँडफुल ऑफ डाळ'. कोथिंबिरीची जुडी आणि द्राक्षांचा घड, दोन्हींना इंग्रजीत 'बंच' चालतो. आपल्याकडे जुडी वेगळी, घड वेगळा. उर्दूत अंगूरचा खोशा आणखी वेगळा. खरबुजाची फोड, जिला आमच्या घरी काश म्हणतात, ती 'अ स्लाइस'. गुळाचा खडा, म्हणजेच गुड़ की डली, 'अ लंप ऑफ जॅगरी'. आणि गुळाच्या अख्ख्या ढेपेला कोल्हापूरच्या बाजारात 'रवा' म्हणतात. नवीन माणूस त्याला शिऱ्याचा रवा समजेल. परक्या बोलीत गोंधळ होतो तो इंग्रजीपुरता नाही, हे मुलीलाही पटलं. पाण्याचा घोट 'अ सिप', मोठा घोट 'अ गल्प', घास किंवा निवाला 'अ माउथफुल'. भाताचं शीत 'अ ग्रेन ऑफ राइस'.

एक गंमत डझनाची. डझन माप वाटतं, म्हणून मुलं 'अ डझन ऑफ बनानाज' लिहितात. इंग्रजीत डझन हा संख्येसारखा चालतो. 'टेन बनानाज' तसं 'अ डझन बनानाज', 'हाफ अ डझन एग्ज'. मध्ये 'ऑफ' नाही. किलोला मात्र 'ऑफ' हवाच : 'हाफ अ किलो ऑफ टोमॅटोज'.

आणि 'दोन चहा'? आम्ही वर्गात वर्षानुवर्षं 'टू टीज' खोडत आलो. चहा मोजता येत नाही, 'टू कप्स ऑफ टी' लिहा, असं सांगत आलो. पण हॉटेलात बसून मागवताना इंग्रज माणूसही 'टू टीज, प्लीज' म्हणतो. कारण तिथे चहा कपातच येणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. आपण मिसळीच्या हॉटेलात 'दोन मिसळ, एक एक्स्ट्रा पाव' म्हणतो तसंच. ऐकणाऱ्याला भांडं माहीत असेल तर शब्द गाळता येतो. माहीत नसेल तर गाळू नये. त्या बाईला आपांची देग माहीत नव्हती, आणि आपांना त्या बाईचं पातेलं.

आपांच्या सासूबाई कोपऱ्यात तसबीह घेऊन बसल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या की आमच्या वेळी किलो नव्हताच, शेर होता. चार शेरांची पायली, आणि चिपटं, मापटं. बाजारात नवीन वजनं आली तेव्हा त्यांच्या सासूला दुकानदार फसवतो असंच वाटायचं, कारण शेर आणि किलो सारखा नव्हता. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि त्यानंतर हळूहळू शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, हे आम्ही पुस्तकात वाचलं होतं. ते बदलणं एखाद्या घरात कसं उतरलं असेल, हे त्या दिवशी प्रथमच ऐकलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही शब्दयोगी अव्ययं घेतली. जेवणाच्या बाबतीत मुलं ज्या ठिकाणी अडखळतात, त्या जागा ठरलेल्या आहेत. त्या इथे लिहितो; घरातल्या मुलांना वाचून दाखवाव्यात.

'बाय हँड' हे त्या वाक्यातलं शेवटचं अडखळणं. 'हाताने' या एका शब्दात आपण दोन गोष्टी सांगतो. शेवई हाताने केली, आणि भाकरी हाताने खाल्ली. करण्याची रीत असेल तर 'मेड बाय हँड'. खाताना हात किंवा चमचा हे साधन असेल तर 'विथ' : 'आय ईट विथ माय हँड, ही ईट्स विथ अ स्पून.' हा 'विथ' सोबतीचाही आहे : 'भाकरी विथ चटणी'. चमच्यासोबत आणि चटणीसोबत, दोन्हीला एकच शब्द. गोंधळ होत नाही, कारण चमचा कोणी खात नाही.

'नाश्त्याला' हा दुसरा खड्डा. मुलं 'इन ब्रेकफास्ट' लिहितात, कारण आपण बोलताना 'नाश्ते में' म्हणतो. काय खाल्लं हे सांगायचं असेल तर 'फॉर ब्रेकफास्ट' : 'वुई हॅड पोहे फॉर ब्रेकफास्ट.' त्या वेळी काय घडलं हे सांगायचं असेल तर 'ॲट ब्रेकफास्ट' : 'अब्बा टोल्ड अस ॲट ब्रेकफास्ट.' 'इन' हवा तो डब्यासाठी : 'पोहे इन माय टिफिन'. आणि ताट सपाट म्हणून 'ऑन अ प्लेट', वाटी खोल म्हणून 'इन अ बोल'.

'पासून' हा तिसरा. गव्हापासून पीठ, दुधापासून खवा. मूळ रूप ओळखू येत नाही इतकं बदललं, तर 'मेड फ्रॉम'. जिन्नस घालून केलं, तर 'मेड विथ'. खिम्याचा समोसा म्हणजे 'अ समोसा स्टफ्ड विथ मिन्स'. आणि 'घालणे' या क्रियेबरोबर 'इन' नाही, 'टू' येतो : 'ॲड सॉल्ट टू द करी.' चवीपुरतं मीठ, म्हणजे 'सॉल्ट टू टेस्ट', यातही तोच 'टू' आहे.

ऑर्डर घेणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाचा चौथा. 'आठपर्यंत' हा आपला शब्द दोन कामं करतो. 'डबा आठपर्यंत द्या' म्हणजे आठच्या आत कधीही. तिथे 'बाय एट'. 'दुकान आठपर्यंत उघडं आहे' म्हणजे आठ वाजेस्तोवर चालूच. तिथे 'टिल एट'. आणि बरोबर ठोक्याला हवं असेल तर 'ॲट एट'. आपांनी हे तीन शब्द कॅलेंडरच्या मागे मुलीकडून लिहून घेतले, शेजारी घड्याळाची चित्रं काढून घेतली.

मुलगी हळूहळू बोलू लागली होती, पण घरात. वर्गात अजून नाही. तिथे काय करावं, हे आम्हाला सुचत नव्हतं. माफी एकदा मागून झाली होती, तीही स्वयंपाकघरात. हसू मात्र छप्पन्न मुलांसमोर झालं होतं.

रमजान आला. आम्ही वर्गाला 'अ डे इन रमजान' असा दहा ओळींचा निबंध दिला. तपासायला बसलो तर तिच्या वहीत वाक्य होतं : 'वुई डू अवर ब्रेकफास्ट ॲट सनसेट विथ वन डेट अँड वन ग्लास ऑफ वॉटर.' आमचं लाल पेन सवयीने चाललं. 'ब्रेकफास्ट'भोवती गोल काढला, बाजूला लिहिलं, 'ब्रेकफास्ट इज इन द मॉर्निंग.' वह्या वाटल्या. तास संपायला पाच मिनिटं होती. आणि त्या मुलीचा हात वर गेला.

"मॅडम, ब्रेक यानी तोड़ना ना?"

"हो."

"और फास्ट यानी रोज़ा?"

"हो."

"तो मगरीब कू हम रोज़ा खोलतेच ना. गलत कायकू?"

मागच्या बाकावर चुळबुळ झाली. आम्ही त्या बाजूला पाहिलं आणि ती थांबली. मग आम्ही कपाटातला शब्दकोश काढला आणि वर्गासमोर उघडला. त्यात होतं ते मोठ्याने वाचलं. ब्रेकफास्ट हा शब्द ब्रेक आणि फास्ट या दोन शब्दांपासूनच बनला आहे. रात्रभर माणूस काही खात नाही, तो उपवास सकाळी सुटतो, म्हणून नाश्त्याचं नाव ब्रेकफास्ट. पंचवीस वर्षं हा शब्द आम्ही शिकत-शिकवत आलो आणि त्याच्या पोटात रोजा आहे हे आमच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ते या मुलीने पाहिलं, कारण तिने तो शब्द तोडून पाहिला.

आम्ही फळ्यावर तिचं वाक्य लिहिलं. आज ब्रेकफास्ट हा जोडशब्द सकाळच्या नाश्त्यापुरता राहिला आहे, म्हणून इफ्तारसाठी दोन शब्द सुटे करायचे, एवढाच बदल : 'वुई ब्रेक अवर फास्ट ॲट सनसेट विथ अ डेट अँड अ ग्लास ऑफ वॉटर.' मग वर्गाला सांगितलं की या वाक्यात 'ॲट' बरोबर आहे, 'विथ' बरोबर आहे, 'ऑफ' बरोबर आहे. बाकी बहुतेक वह्यांत 'इन सनसेट' आहे. आणि हेही सांगितलं की जूनमध्ये या वर्गात एका वाक्यावर हसू झालं होतं, त्यात आम्हीही होतो, आणि ती आमची चूक होती. वर्ग शांत होता. तिच्या वहीवरचा लाल गोल आम्ही खोडला आणि खाली सही केली. त्या दिवसापासून एक नियम केला : इंग्रजीच्या तासाला चुकीवर हसायचं नाही, हसू आलंच तर हसणाऱ्याने ते वाक्य स्वतः बरोबर करून दाखवायचं. नियम नेहमी पाळला जातो असं नाही. पण आता हसण्यापूर्वी मुलं क्षणभर विचार करतात, कारण पुढची पाळी त्यांची असते.

कोंबडीवाल्याची उधारी रमजानच्या ऑर्डरींतून फिटली. आपांच्या मोबाईलमध्ये आता एक निरोप तयार लिहून ठेवलेला आहे. इंग्रजीत विचारणा आली की मुलगी तोच पाठवते : 'बिर्याणी मेड विथ वन किलो ऑफ राइस अँड वन किलो ऑफ चिकन, फॉर एट टू टेन पीपल. हाऊ मेनी पीपल आर यू एक्स्पेक्टिंग?' शेवटचा प्रश्न आम्ही सांगितला नव्हता. तो तिने स्वतः जोडला. पाच किलोच्या वेळी तिला जे विचारायचं होतं आणि विचारता आलं नव्हतं, तेच हे वाक्य.

परवा आपांनी आम्हाला रस्त्यात थांबवलं. त्यांच्या हातात तयार मसाल्याचं पाकीट होतं, आणि त्यावर छापलेल्या 'सर्व्ह्ज फोर'वर बोट. मुलीने अर्थ सांगितला होता, चार माणसांना पुरतं. तरी त्यांचं समाधान झालं नव्हतं.

"मॅडम, चार कौनसे?" त्यांनी विचारलं. "मेरे भाई जैसे, कि तुमारे शाळा के सर लोगां जैसे?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही म्हटलं, "आपा, तुमची मुलगी शिकवील तसं करा. आधी विचारा, किती माणसं, आणि कशी."